बुडीत रेषा

अमेरिकेच्या ट्रिपबद्दल लिही, असं घरातले सगळे दोन-तीन वर्षं मागे लागले आहेत. फोटो केव्हाच सगळ्यांना पाठवून झाले. लिहायला मात्र बसले नाही, कारण ही नुसती प्रवासाची गोष्ट नाही, आणि जी आहे ती मामांना विचारल्याशिवाय लिहिणं बरं वाटेना. शेवटी मध्यंतरी फोनवर विचारलं. "लिही की," मामा म्हणाले, "फक्त आकडे नीट तपासून घे." सिव्हिल इंजिनिअर माणूस, दुसरं काय म्हणणार! तर आकडे तपासले आहेत.

माझं आजोळ पळसदेवचं. पुण्याहून सोलापूरला जाताना भिगवण सोडलं की इंदापूरच्या अलीकडे हमरस्त्यावर लागतं ते पळसदेव नवं. जुनं पळसदेव भीमेच्या काठावर होतं, ते उजनी धरणाच्या पाण्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की पळसनाथाच्या जुन्या देवळाचं शिखर आधी वर येतं, आणि एखाद्या कोरड्या वर्षी सगळं देऊळच उघडं पडतं. अशा वर्षी आई तिकडे हमखास जाते. नारळ, हळद-कुंकू आणि एक रिकामी पिशवी घेऊन. पिशवीतून काय आणते ते ती सांगत नाही. मी एकदा बघितलं, खापराचे तुकडे होते.

मामा मात्र कधी गेले नाहीत. 1986 पासून ते अमेरिकेत आहेत. भारतात आले, लग्नं-मुंजी झाल्या, अष्टविनायकही झाला, पण आईने "येतोस का रे, देऊळ उघडं पडलंय" म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं: "आक्का, पाण्याखाली गेलं ते गेलं." यावरून दोघांत एकदा चांगलीच वाजली होती आणि वर्षभर फोन बंद होते. असो.

2022 च्या जूनमध्ये मी त्यांच्याकडे फिनिक्सला गेले. फिनिक्सचा जून म्हणजे आपला चंद्रपूरचा मे. सकाळी सातला सुद्धा गाडीच्या दाराला हात लावायची सोय नाही. दादाने (म्हणजे मामेभावाने) चार दिवसांचा बेत आखला होता: फ्लॅगस्टाफला मावसबहिणीकडे एक मुक्काम, तिथून उत्तरेला पेज नावाच्या गावी, आणि तिथल्या वाळवंटी घळींमधून एक ट्रेक. पेजला ग्लेन कॅन्यन धरण आहे आणि धरणामागे लेक पॉवेल. छत्तीस वर्षं अमेरिकेत राहून, तेही सिव्हिल इंजिनिअर असून, मामांनी हे धरण पाहिलेलं नव्हतं. यावेळी ते आपणहून म्हणाले, "मीही येतो. पाणी खूप खाली गेलंय म्हणतात."

मामींनी माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही.

फिनिक्सच्या बाहेर पडताना हायवेला आडवा जाणारा एक काँक्रीटचा कालवा दिसतो. मामांनी गाडी हळू घ्यायला सांगितली. हा सेंट्रल ॲरिझोना प्रोजेक्टचा कालवा. कोलोरॅडो नदीचं पाणी लेक हवासूतून उचलायचं, पंपांनी डोंगर चढवायचं आणि 336 मैल, म्हणजे जवळपास 540 किलोमीटर, वाळवंटातून फिनिक्स आणि टूसानपर्यंत आणायचं. 1973 मध्ये काम सुरू झालं, 1993 मध्ये संपलं. "आपल्या घरच्या नळाला थोडं साल्ट नदीचं आणि थोडं हे पाणी येतं," मामा म्हणाले. हे पाणी आधी लेक पॉवेलमधून सुटतं, तेव्हा खाली पोचतं. एका बुडालेल्या खोऱ्यातून आलेला माणूस दुसऱ्या बुडालेल्या खोऱ्याचं पाणी पितो आहे, हे माझ्या तेव्हा डोक्यात आलं. त्यांच्या कितीतरी आधी आलं असणार.

फ्लॅगस्टाफला पाइनची झाडं, गार हवा आणि मावसबहिणीच्या हातचं पिठलं-भाकरी. दुसऱ्या दिवशी उत्तरेकडे निघालो की झाडं संपतात आणि नवाहो नेशनची हद्द सुरू होते. तांबडी माती, दूरदूर एकेक घर, आणि रस्त्यावर पिकअप गाड्यांच्या मागे पाण्याच्या मोठ्या टाक्या. मला वाटलं शेतीसाठी असतील. दादा म्हणाला, प्यायचं पाणी आहे. नवाहो नेशनमध्ये अंदाजे तीनांतल्या एका घरात नळाचं पाणी नाही, लोक मैलोन् मैल जाऊन भरून आणतात. थेट माण-खटावच्या टँकरची आठवण झाली. तेही कुठे, तर अमेरिकेतल्या दोन सगळ्यात मोठ्या जलाशयांपैकी एकाच्या कुशीत.

हे असं का, याचं उत्तर पुढे लीज फेरीला मिळतं. इथे कोलोरॅडो नदीच्या काठापर्यंत गाडीने जाता येतं. दोन्हीकडे कडे, मधून हिरवंगार आणि बर्फासारखं गार पाणी. गार कशाने, तर 15 मैल वर असलेल्या धरणाच्या खोल पोटातून ते सुटतं म्हणून. जागा लहानशी आहे, पण सगळ्या नदीची वाटणी इथे झाली. म्हणजे माणसं बसली होती सँटा फेला. 24 नोव्हेंबर 1922 रोजी सात राज्यांच्या प्रतिनिधींनी हर्बर्ट हूवर यांच्या अध्यक्षतेखाली करारावर सह्या केल्या, आणि नकाशावरची रेघ मारली ती लीज फेरीच्या जवळ. वरच्या खोऱ्याला वर्षाला 75 लाख एकर-फूट, खालच्या खोऱ्याला तितकंच. आपल्या भाषेत सुमारे 327 टीएमसी प्रत्येकी. म्हणजे आपल्याकडे कृष्णेसाठी बच्छावत लवादाने पुढे जे केलं, तेच.

घोटाळा असा, की ज्या वर्षांची मोजमापं धरून वाटणी केली ती वर्षं नेमकी भरपूर पाण्याची होती. नदीत वर्षाला दीड कोटी एकर-फुटांहून बरंच जास्त पाणी आहे असं धरून चालले. 2000 नंतरची सरासरी सव्वा कोटींच्या आसपास आहे. नसलेलं पाणी शंभर वर्षांपूर्वीच वाटून टाकलेलं. आणि ज्यांच्या जमिनीतून नदी वाहते त्या नवाहो, होपी, पायूट लोकांपैकी त्या टेबलाशी कुणीच नव्हतं. त्यांना अमेरिकेचं सरसकट नागरिकत्वच मिळालं 1924 साली. नवाहो पुढे पाण्याच्या हक्कासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. जून 2023 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल त्यांच्या विरोधात गेला: 1868 च्या तहाप्रमाणे सरकारने त्यांना जमीन दिली, पण पाणी मिळवून देण्यासाठी पावलं उचलायला सरकार बांधील नाही.

मामा काठावर बसून पाण्यात पाय सोडून हे सगळं सांगत होते. सगळं तोंडपाठ. एवढ्यात मामी हळूच मला म्हणाल्या, "रोज रात्री हेच वाचत बसतात."

पेजला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. पेज हे गाव धरणासाठीच 1957 मध्ये वसवलेलं. नवाहोंकडून टेकडीवरची जमीन घेतली आणि त्यांना बदल्यात युटामध्ये दिली. (अदलाबदल! हा शब्द आमच्या आजोळी पुष्कळदा ऐकलेला.) धरणासमोरच्या पुलावर उभं राहिलं की खाली नदी सातशे फूट. धरण 710 फूट उंच, कमानीचं. 15 ऑक्टोबर 1956 ला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी वॉशिंग्टनमध्ये बसून एक कळ दाबली आणि इथे पहिला सुरुंग उडाला. 1963 च्या मार्चमध्ये दरवाजे बंद केले. जलाशय पूर्ण भरायला सतरा वर्षं लागली, 1980 उजाडलं. उजनीही 1980 चीच. आकाराने मात्र लेक पॉवेल म्हणजे नऊ-दहा उजन्या.

मामा धरणाकडे बघताना अगदी लहान मुलासारखे झाले होते. काँक्रीट कसं गार करत असतील, कमान भार कसा कड्यांवर टाकते, एक ना दोन. मग नजर वर गेली आणि गप्प झाले. तांबड्या कड्यांवर पाण्याच्या पातळीच्या वर पांढराफटक पट्टा. पाणी होतं तिथपर्यंत क्षार चिकटून राहिलेले. त्या जूनमध्ये पाणी भरलेल्या पातळीपेक्षा दीडशे फुटांहून जास्त खाली होतं, म्हणजे पंधरा मजली इमारतीएवढा पट्टा. भरलेली पातळी समुद्रसपाटीपासून 3,700 फूट. 3,490 च्या खाली गेलं की वीज बंद. 3,370 ला पोचलं की धरणातून पुढे पाणीच जात नाही. त्याला इथे जो शब्द आहे त्याचा अर्थ अगदी आपलाच: मृत साठा. "उजनी मायनसमध्ये" ही बातमी आपण दर उन्हाळ्यात वाचतो ना, तेच. पुढच्या वर्षी, 2023 च्या सुरुवातीला, लेक पॉवेल 3,520 च्या आसपास जाऊन आलं.

ज्याचं नाव तलावाला दिलंय तो जॉन वेस्ली पॉवेल एका हाताचा. दुसरा यादवी युद्धात गेलेला. 1869 मध्ये चार होड्या आणि नऊ माणसं घेऊन तो ही नदी उतरला आणि या भागाला ग्लेन कॅन्यन हे नाव त्यानेच दिलं. पुढे 1893 मध्ये लॉस एंजेलिसला सिंचनवाल्यांच्या परिषदेत त्याने उभं राहून सांगितलं, की एवढी सगळी जमीन भिजवायला इथे पाणी नाही, तुम्ही भांडणं पेरता आहात. लोकांनी त्याची हुर्यो उडवली. आणि नंतर त्याच्याच नावाने तलाव भरला!

त्या पाण्याखाली काय काय गेलं? 1776 मध्ये दोमिंगेस आणि एस्कलांते या स्पॅनिश पाद्र्यांनी खडकात पायऱ्या खोदून गुरंघोडी उतरवली तो उतार गेला. पाणी चढण्याआधी पुरातत्त्ववाल्यांनी घाईघाईने दोन हजारांहून जास्त जुन्या जागा नोंदवल्या, त्यातल्या कितीतरी गेल्या. सिएरा क्लबच्या डेव्हिड ब्राउअर यांनी दुसरीकडचं एको पार्कचं धरण थांबवलं आणि ग्लेन कॅन्यनला हरकत घेतली नाही. नंतर येऊन पाहिलं तेव्हा वेळ गेली होती. जन्मभर ते स्वतःला दोष देत राहिले. 1963 मध्ये एलियट पोर्टर यांच्या छायाचित्रांचं पुस्तक निघालं, त्याच्या नावाचा अर्थ होतो 'कुणालाच ठाऊक नसलेली जागा'.

मी ते नाव वाचून म्हटलं, "मामा, पळसदेव तर सगळ्यांना ठाऊक होतं."

ते म्हणाले, "म्हणूनच पुस्तक निघालं नाही."

हे तितकंसं खरं नाही. विश्वास पाटलांची 'झाडाझडती' आपल्याकडे 1991 मध्ये आली, धरणग्रस्तांवर इतरही लिहिलं गेलं. पण त्यांना काय म्हणायचंय ते मला कळलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. पेजहून पश्चिमेला तासाभरावर वायर पास. शेवटचे आठ मैल कच्चा रस्ता, पाऊस झाला तर चिखल. हवामान दोनदा तपासलं, कारण इथे आभाळ आपल्या डोक्यावर निळं असतं आणि पूर येतो तीस मैलांवरच्या पावसाचा. 12 ऑगस्ट 1997 ला पेजजवळच्या अँटेलोप कॅन्यनमध्ये अशाच लोंढ्यात अकरा जण वाहून गेले.

सुरुवातीला रुंद कोरडा ओढा. मग भिंती जवळ येत जातात, आणि एकदम आपण दगडाच्या चिरेत शिरतो. हात पसरले की दोन्ही भिंतींना टेकतात. वर आकाशाची फीत. भिंतीवर तिरक्या रेघा: अठरा-एकोणीस कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्या दगड होऊन बसलेल्या. एका ठिकाणी शिडीवरून उतरावं लागतं. मामांना गुडघ्याचा त्रास, आम्ही म्हटलं इथेच थांबा. ते शिडीला पाठ न दाखवता, आडात उतरतात तसे, तोंड भिंतीकडे करून सावकाश उतरले. "विहिरीत उतरायची सवय आहे मला," म्हणाले.

पुढे डोक्यावर, दोन पुरुष उंचीवर, दोन भिंतींमध्ये झाडाचा अख्खा ओंडका आडवा अडकलेला. पुराने ठेवून दिलेला. मामा त्याखाली उभं राहून बराच वेळ वर बघत राहिले. "ही पाण्याची रेषा पाण्याने स्वतः काढलीय," एवढंच म्हणाले.

पावणेतीन किलोमीटरवर ही घळ बकस्किन गल्चला मिळते. तिथे भिंतीवर कोरलेली रानमेंढरं आहेत, वळलेल्या शिंगांची, एकामागे एक. कुणी शेकडो वर्षांपूर्वी दगडाने दगडावर ठोकून काढलेली. ही वाचली, कारण बकस्किनचं पाणी पॅरिया नदीतून लीज फेरीला, म्हणजे धरणाच्या खाली मिळतं. सावलीत बसून आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. तुकडे सांडू नयेत म्हणून वहिनी सगळ्यांवर लक्ष ठेवून.

परतताना संध्याकाळी लोन रॉकला थांबलो. पाण्यातून वर आलेला एकटा उंच खडक, लेक पॉवेलच्या निम्म्या फोटोंमध्ये तो असतो. त्या वर्षी त्याच्या भोवती पाणी नव्हतं. जिथून होड्या जायच्या त्या तळावरून आम्ही चालत निघालो. भेगाळलेला गाळ, पांढरे शिंपले, गंजलेला नांगर, बिअरचे डबे, एक चष्मा. मामा वाकून वाकून बघत होते. अगदी आईसारखे. मी ते बोलून दाखवलं नाही.

मग ते एका दगडावर बसले आणि कुणी काही विचारलं नसताना सांगायला लागले.

1968 चा उन्हाळा. मामा सोळा वर्षांचे. धरणाच्या मोजणीचे साहेब गावात आले होते, त्यांना स्टाफ धरायला पोरं हवी होती. स्टाफ म्हणजे ती उंच आकडे रंगवलेली पट्टी. रोज दोन रुपये. मामांनी ते काम धरलं. साहेब डंपी लेव्हलमधून बघायचे, हाताने खूण करायचे, आणि जिथे आकडा जुळेल तिथे गडी खड्डा घेऊन दगड रोवायचा. दगडाच्या खालची जमीन बुडणार, वरची राहणार. बुडीत रेषा. "एके दिवशी साहेबांनी मला आपल्याच शेताच्या बांधावर उभं केलं. वर सर, वर सर म्हणत होते. मी सरत गेलो. आपलं शेत संपलं, घराच्या मागचा लिंब मागे पडला, तरी ते वर सर म्हणतच होते. त्या दिवशीचे दोन रुपये मी खर्च केले नाहीत. अण्णांना सांगितलंही नाही."

अण्णा म्हणजे माझे आजोबा. त्यांना वाटत राहिलं, की दगड चुकीच्या जागी रोवलाय. वर्षानुवर्षं अर्ज करत राहिले. मामांना ठाऊक होतं, की दगड बरोबर आहे.

"मग 1972 आला," मामा म्हणाले. "खडी फोडायला गेलो. सुकडी खाल्ली. बायका चार चार मैलांवरून हंडे आणायच्या. तेव्हा मी ठरवलं, धरण पाहिजेच. अण्णांशी भांडलो. म्हटलं, आपलं एक गाव जाईल, शंभर गावं जगतील. ते मी आजही खोटं म्हणणार नाही. पंढरपूर-मोहोळकडचं कुणीही म्हणणार नाही. आता तिथे सगळा ऊस झाला आणि इथे लसूणघास, तो वेगळा हिशेब." (अल्फाल्फा म्हणजे आपली लसूणघास. कोलोरॅडोच्या पाण्याचा फार मोठा भाग जनावरांच्या चाऱ्यावर जातो.) "पण स्टाफ मी धरला होता, एवढं अण्णांना सांगायला हवं होतं. ते 1989 ला गेले. मला इथून पोचायला चार दिवस लागले."

दादा, म्हणजे त्यांचा मुलगा, हे पहिल्यांदाच ऐकत होता. तो काही न बोलता जाऊन गाडीतून पाण्याची बाटली घेऊन आला. मामांनी घोटभर प्यायलं आणि उरलेलं त्या भेगांमध्ये ओतलं. कशासाठी, ते मी विचारलं नाही. पाणी क्षणात आत गेलं.

रात्री पेजच्या मोटेलमधून त्यांनी आईला फोन लावला. दार लावून घेतलं होतं. पाऊण तास बोलत होते.

2024 च्या मे महिन्यात उजनी मृत साठ्याच्याही पार खाली गेली. पळसनाथाचं देऊळ उघडं पडलं. मामा आले. आई, मामा आणि मी, तिघं गाळ तुडवत गेलो. देवळाशी पुण्या-मुंबईच्या लोकांची बरीच गर्दी होती, फोटो चालले होते. आम्ही गर्दी सोडून वरच्या अंगाला गेलो. घराचं जोतं आईला ठाऊक होतं, तिने थेट नेऊन उभं केलं. मामांनी लिंबाचं खोड शोधलं, ते मिळालं नाही. आईने पिशवी उघडून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी खाली बघून एक खापर उचललं, पुसलं आणि पिशवीत टाकलं.

मग दोघं काठाकडे तोंड करून उभे राहिले आणि दगड साधारण कुठे असेल यावर वाद घालत बसले. आईचं म्हणणं, अजून वर. मामांचं म्हणणं, नाही, इथेच, मला विचार.